यंत्रांची हजेरी : औद्योगिक जालातील पृच्छा, उत्तर आणि मौन

एकाच तारजोडीवर अनेक यंत्रे बांधली गेली की त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो काय बोलावे हा नव्हे, तर कोणी केव्हा बोलावे हा होय. दोन यंत्रांनी एकाच क्षणी तारेवर संकेत सोडला तर दोन्ही संकेत एकमेकांत मिसळून निरर्थक होतात. मानवी संभाषणात असा प्रसंग आला तर एकजण थांबतो, दुसरा पुढे बोलतो, आणि हे सारे डोळ्यांच्या व आवाजाच्या सूचनांनी नकळत पार पडते. तापमान मोजणाऱ्या किंवा झडप उघडणाऱ्या यंत्रास अशी कोणतीही सूचना उपलब्ध नसते. यास्तव कारखान्यांतील तारांवर फार जुना आणि फार साधा असा एक तोडगा रूढ झाला : एकाने प्रत्येकास नाव घेऊन विचारावे, ज्याचे नाव घेतले त्यानेच उत्तर द्यावे, आणि इतरांनी गप्प राहावे. इंग्रजीत या क्रियेस ‘पोलिंग’ म्हणतात. मराठीत तिला ‘हजेरी घेणे’ यापेक्षा अधिक नेमका शब्द सापडणे कठीण आहे.

‘पोल’ या शब्दाचा इतिहास या ठिकाणी पाहण्यासारखा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘डोके’, विशेषतः डोक्याचा केसाळ भाग, असा होता. डोकी मोजणे, मोजून मते घेणे, आणि शेवटी एकेकास क्रमाने विचारणे असा त्याचा अर्थविस्तार झाला. मराठीतील ‘शिरगणती’ या शब्दात हीच कल्पना जशीच्या तशी आढळते. दोन्ही भाषांनी ती स्वतंत्रपणे घडविली असली तरी माणसे मोजताना डोक्याकडेच पाहावे लागते, हे दोन्हींकडे सारखेच.

तारेवरून नाव विचारण्याची प्रथा संगणकाहून जुनी आहे. टेलेक्स यंत्रांत ‘आपण कोण?’ असे विचारणारा एक स्वतंत्र संकेत होता. तो पोहोचताच पलीकडच्या यंत्रातील एक दातेरी नळकांडे आपोआप फिरे, आणि सुमारे वीस अक्षरांची त्या यंत्राची ओळख उलट पाठविली जाई. यंत्राजवळ मनुष्य असो वा नसो, उत्तर मिळे. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांची जी प्रमाण संकेतावली प्रसिद्ध झाली, तिच्या पाचव्या स्थानावर हाच प्रश्न ‘डब्ल्यू-आर-यू’ या लघुरूपाने बसविला होता. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत त्याचे नाव बदलून ‘ई-एन-क्यू’, म्हणजे ‘पृच्छा’, असे झाले. या नामांतरात एक बारीक अर्थभेद लपलेला आहे. पूर्वीचा प्रश्न ओळख विचारणारा होता. नवा प्रश्न ‘काही सांगावयाचे आहे काय?’ असा झाला. त्याच वर्षी आयबीएम कंपनीने जी द्विअंकी समकालिक दळणवळणपद्धती प्रचारात आणली, तिच्यात एका तारेवर अनेक ठाणी असत, आणि मध्यवर्ती ठाणे एकेका ठाण्याचा पत्ता व त्यामागे हे पृच्छाचिन्ह पाठवून त्याला बोलण्याची संधी देई. सांगण्यासारखे काही नसल्यास ठाणे ‘प्रेषण समाप्त’ हे चिन्ह पाठवून मोकळे होई.

त्या पद्धतीत मध्यवर्ती ठाण्यास ‘नियंत्रक’ आणि इतर ठाण्यांस ‘ट्रिब्युटरी’ म्हणत. या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत : मांडलिक आणि उपनदी. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यास त्याच कंपनीने जी नवी पद्धती आणली तिच्यात ‘प्राथमिक’ व ‘दुय्यम’ असे शब्द आले. म्हणजे एकाने विचारावे व दुसऱ्याने सांगावे या नात्याला नावे देताना त्या काळी निदान तीन उपमा उपलब्ध होत्या : राजा व मांडलिक यांची, क्रमांकाची, आणि स्वामी व गुलाम यांची. कारखान्यांत यांपैकी शेवटची टिकली.

ही उपमा यंत्रविद्येत आली ती घड्याळांच्या मार्गाने. रॉन एग्लॅश यांनी २००७ साली या विषयाचा शोध घेतला तेव्हा त्यांना सर्वांत जुना दाखला १९०४ सालचा, दक्षिण आफ्रिकेतील केप वेधशाळेचा मिळाला. तेथे डेव्हिड गिल यांनी नाक्षत्रकाल दर्शविणाऱ्या घड्याळाचे वर्णन करताना दुय्यम घड्याळास ‘स्लेव्ह’ म्हटले आहे. परंतु उपमेचा खरा विस्तार झाला तो विल्यम शॉर्ट या रेल्वे-अभियंत्याच्या घड्याळामुळे. हे घड्याळ १९२१ साली एडिंबरोच्या वेधशाळेत बसविले गेले. त्यात दोन लंबक होते. ‘स्वामी’ लंबक निर्वात पात्रात जवळजवळ अस्पर्शित झुलत असे. चाके फिरविणे, काटे हलविणे, वेळ मोजणे ही सारी कामे ‘गुलाम’ लंबकाकडे होती. दर तीस सेकंदांनी गुलाम घड्याळ विजेचा संकेत पाठवी, त्यासरशी एक लहान तरफ खाली येऊन स्वामी लंबकास हलकासा रेटा देई, आणि ती तरफ सुटताना जो संकेत परत येई त्यावरून गुलाम लंबक आपली चूक दुरुस्त करून घेई. गुलाम लंबक मुद्दाम किंचित मागे पडेल असा जुळविलेला असे, म्हणजे दुरुस्ती एकाच दिशेने करावी लागे.

या व्यवस्थेत विचारणारा कोण आणि सांगणारा कोण हे नीट पाहिले तर उपमा उलटी पडलेली दिसते. संवादाचा आरंभ गुलामाकडून होतो. स्वामी केवळ उत्तर देतो. तेथे ‘स्वामी’ म्हणजे ज्याची वेळ प्रमाण मानावयाची तो. कारखान्याच्या तारेवर हाच शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ ‘ज्याला प्रथम बोलण्याचा अधिकार आहे तो’ असा झाला. शब्द एक राहिला आणि नाते बदलले. यंत्रविद्येच्या परिभाषेत अशी स्थित्यंतरे क्वचितच नोंदली जातात, कारण ती ज्यांच्या हातून घडतात त्यांना शब्दापेक्षा यंत्राची चिंता अधिक असते.

औद्योगिक नियंत्रणात या पद्धतीला स्थिर रूप मिळाले ते मोडिकॉन या अमेरिकन कंपनीमुळे. मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथे डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली ज्या नियंत्रकाची कल्पना मांडली तो १९६९ मध्ये ‘०८४’ या नावाने बाहेर पडला. त्या मंडळींचे ते चौऱ्याऐंशिवे काम होते, म्हणून हे नाव. जनरल मोटर्सच्या मोटार-कारखान्यांतील रिलेंच्या भिंतीएवढ्या कपाटांना पर्याय म्हणून तो आला. दहा वर्षांनी, १९७९ साली, अशा नियंत्रकांना एकमेकांशी व इतर उपकरणांशी बोलता यावे म्हणून त्याच कंपनीने ‘मोडबस’ नावाची संवादपद्धती प्रसिद्ध केली. तिचे नियम उघडपणे उपलब्ध होते आणि अत्यंत थोडे होते. ती अद्यापि जगभर वापरात आहे, याचे कारण बहुधा या दोन गोष्टींतच आहे.

मोडबसच्या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. प्रथम ज्याला उद्देशून बोलावयाचे त्याचा पत्ता, १ ते २४७ पर्यंत कोणताही. नंतर क्रियापदासारखा काम करणारा एक अंक, म्हणजे ‘वाच’ किंवा ‘लिही’. मग कोठून व किती. आणि शेवटी सारे शब्द नीट पोहोचले की नाही हे तपासणारे दोन बाइट. पत्ता शून्य असल्यास ते आवाहन सर्वांस असते, आणि त्याला कोणीही उत्तर द्यावयाचे नसते. उत्तर देणारा आपले उत्तर प्रश्नातील पत्ता व क्रियापद यांनीच सुरू करतो.

परंतु या वाक्यात एक गोष्ट नाही : पूर्णविराम. मोडबसचे दोन प्रकार मूळपासून होते. त्यांतील एक सामान्य अक्षरांत लिहिला जाई. त्याचे वाक्य अपूर्णविरामासारख्या दोन टिंबांनी सुरू होई व ओळ संपल्याच्या चिन्हाने संपे. अक्षरांमध्ये एक सेकंदापर्यंत अंतर पडले तरी चालत असे. हा प्रकार वाचण्यास सोपा, पण लांबीने जवळजवळ दुप्पट. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक बाइट जशीच्या तशी पाठविली जाई. कोणतीही बाइट मजकुराचा भाग असू शकत असल्यामुळे एखादे मूल्य विरामचिन्ह म्हणून राखून ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा विरामचिन्ह म्हणून मौन निवडले गेले. दोन वाक्यांमध्ये निदान साडेतीन अक्षरांच्या वेळेइतकी शांतता असावी. आणि वाक्याच्या मध्येच दीड अक्षरांहून अधिक शांतता पडली तर ते वाक्य अपुरे समजून टाकून द्यावे, असा नियम झाला.

मोडी कागद वाचणाऱ्यास या अडचणीची ओळख पटेल. त्या लिपीत शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. वाचकास अर्थावरून शब्दांच्या सीमा शोधाव्या लागत. यंत्राला अर्थावरून सीमा शोधता येत नाही असे मात्र नाही. क्रियापदाचा अंक व मागितलेल्या रजिस्टरांची संख्या ठाऊक असेल तर उत्तर किती बाइटांचे येणार हे आधीच काढता येते. पुढे अनेक कार्यक्रमकारांनी मौनाऐवजी याच मार्गाचा आश्रय केला. तो का करावा लागला हे पाहण्यासाठी साडेतीन अक्षरांचा काळ म्हणजे नेमका किती, हे पाहिले पाहिजे.

एक अक्षर तारेवर अकरा बिटांचे असते : आरंभाची एक, मजकुराच्या आठ, समविषम तपासणीची एक, व अंताची एक. सेकंदास ९६०० बिट या वेगाने एक अक्षर जाण्यास १.१५ मिलिसेकंद लागतात. साडेतीन अक्षरांचे मौन ४ मिलिसेकंदांचे होते. वेग १२०० असेल तर तेच मौन ३२ मिलिसेकंदांचे. म्हणजे येथे काळ घड्याळाने न मोजता बोलण्याच्या लयीने मोजला आहे. संस्कृत शिक्षाग्रंथांनी द्रुत, मध्यम व विलंबित अशा तीन वृत्ती मानल्या आहेत. वृत्तीप्रमाणे उच्चाराचा वेग बदलतो, तरी ऱ्हस्व व दीर्घ यांचे प्रमाण तेच राहते. मोडबसचा मूळ नियम याच जातीचा होता. परंतु वेग वाढत गेला तशी ही सापेक्षता निभेना. सेकंदास १,१५,२०० बिट या वेगाने साडेतीन अक्षरांचा काळ एक मिलिसेकंदाच्या एकतृतीयांशाइतका उरतो, आणि एवढ्या थोड्या अवकाशात प्रत्येक अक्षराची नोंद घेणे लहान उपकरणांच्या आवाक्याबाहेरचे होते. यास्तव नंतरच्या नियमावलीत १९,२०० च्या वरील सर्व वेगांसाठी मौन १.७५ मिलिसेकंद व वाक्यांतर्गत मर्यादा ०.७५ मिलिसेकंद अशी स्थिर ठेवण्याची शिफारस आली. त्या उच्च वेगाने १.७५ मिलिसेकंदांत अठरा अक्षरे मावतात. म्हणजे साडेतीन अक्षरांचा विराम नावापुरताच उरला.

खरी पंचाईत झाली ती सामान्य संगणक हा प्रश्नकर्ता झाला तेव्हा. समर्पित नियंत्रकात एकच कार्यक्रम चाले व त्याचे कालमापन काटेकोर असे. मेजावरच्या संगणकात अनेक कार्यक्रम आळीपाळीने चालतात. शिवाय येणारी अक्षरे एका लहान साठ्यात जमवून मग एकदम पुढे दिली जातात. यूएसबी जोडणीतून तार जोडणाऱ्या कित्येक उपकरणांत हा साठा पुढे देण्याची मुदत मुळात १६ मिलिसेकंदांची असते. चार मिलिसेकंदांचे मौन अशा ठिकाणी ऐकू येणे शक्यच नाही. वाक्य सलग पाठविले गेले असले तरी ते तुकड्यांनी पोहोचल्यासारखे दिसते, किंवा दोन वाक्ये एकच वाटतात. नियम पाळणारा कार्यक्रम येथे निर्दोष उत्तर टाकून देतो, आणि नियम शिथिल करणारा ते स्वीकारतो. नियमकर्त्यांच्या डोळ्यांसमोर १९७९ चे यंत्र होते, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की विरामाला चिन्ह न देता काळ देणे ही काटकसर पुढील पिढ्यांना महाग पडली.

तारेच्या दुसऱ्या टोकाकडूनही असाच प्रश्न उभा राहतो. १९८३ साली प्रमाण म्हणून मान्य झालेल्या आरएस-४८५ या विद्युत्-पद्धतीत दोनच तारा असतात, आणि बोलणारा व ऐकणारा त्याच तारा आळीपाळीने वापरतात. बोलणे संपताच बोलणाऱ्याने तार मोकळी सोडली पाहिजे. शेवटची बिट जाण्याआधी सोडली तर स्वतःचेच शेवटचे अक्षर तुटते. सोडण्यास उशीर झाला तर उत्तर देणाऱ्याचे पहिले अक्षर दबून जाते. दोन्ही प्रकारांत तपासणीचे बाइट जुळत नाहीत आणि संदेश फुकट जातो. बिघाड तारेत आहे असे समजून तारा बदलल्या जातात, आणि दोष मात्र वेळेचा असतो.

आता संपूर्ण फेरीचा हिशेब पाहू. दहा रजिस्टरे वाचण्याचा प्रश्न आठ बाइटांचा व त्याचे उत्तर पंचवीस बाइटांचे असते. ९६०० च्या वेगाने दोन्ही मिळून सुमारे ३८ मिलिसेकंद, दोन मौने मिळून ८, आणि उपकरणास विचार करण्यास १० धरले तर एक हजेरी ५६ मिलिसेकंदांत होते. तीस उपकरणांची फेरी पावणेदोन सेकंदांच्या आत आटोपते. पाण्याच्या टाकीची पातळी पाहण्यास हे पुरेसे आहे. वेगाने फिरणाऱ्या यंत्राचे रक्षण करण्यास मुळीच नाही. तथापि या हिशेबाचा मोठा गुण असा की तो आधी करता येतो. कोणते उपकरण जास्तीत जास्त किती वेळाने विचारले जाईल, हे कागदावर सांगता येते.

एखादे उपकरण मृत झाले की हा हिशेब कोसळतो. त्याच्या मौनाचा अर्थ काय? ते विचार करीत आहे, की त्याची वीज गेली आहे, की प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचला नाही? प्रश्नकर्त्यास यांतील भेद कळण्याचा मार्ग नसतो. त्याने ठरावीक मुदत वाट पाहून पुढे जावयाचे. नियमावलीत ९६०० च्या वेगासाठी ही मुदत एक सेकंदापासून कित्येक सेकंदांपर्यंत सुचविली आहे. मुदत एक सेकंदाची व प्रयत्न तीन धरले तर एका मृत उपकरणापायी तीन सेकंद जातात, आणि पावणेदोन सेकंदांची फेरी साडेचार सेकंदांच्या वर जाते. एकोणतीस जिवंत उपकरणे एका मृताची वाट पाहत राहतात. म्हणून अनुभवी अभियंते मृत ठरलेल्या उपकरणास दर फेरीत न विचारता दहा-वीस फेऱ्यांनी एकदा विचारतात.

मुदत कमी करावी, हा उपाय सहज सुचतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. उत्तरावर पत्ता व क्रियापद असते. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे त्यावर लिहिलेले नसते. समजा एका उपकरणास प्रथम तापमानाची दोन रजिस्टरे विचारली, ते उशीर करू लागले, आणि मुदत संपल्यामुळे त्यालाच दाबाची दोन रजिस्टरे विचारली गेली. इतक्यात पहिले उत्तर येते. पत्ता जुळतो, क्रियापद जुळते, लांबी जुळते, तपासणीचे बाइटही जुळतात. तापमानाचा आकडा दाबाच्या रकान्यात लिहिला जातो, आणि त्यापुढील प्रत्येक उत्तर एक प्रश्न मागे राहते. संवादात व्याकरणाची एकही चूक नसताना अर्थ संपूर्णपणे चुकलेला असण्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. १९९९ साली मोडबस इंटरनेटच्या पद्धतीवर नेला गेला तेव्हा प्रत्येक प्रश्नास दोन बाइटांचा स्वतंत्र क्रमांक देण्यात आला व तोच उत्तरावर परत येऊ लागला; संदेशाची लांबीही आरंभीच लिहिली जाऊ लागली. मौनाचे व्याकरणातील काम तेथे संपले.

हजेरीच्या पद्धतीला पर्याय नव्हता असे नाही. हवाई विद्यापीठात १९७१ साली सुरू झालेल्या अलोहा जालात ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे, टक्कर झाल्यास थोडे थांबून पुन्हा बोलावे, असा स्वैर नियम होता. त्यात मार्गाचा जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच उपयोग होई. १९७३ पासून झेरॉक्सच्या संशोधनशाळेत घडलेल्या इथरनेटने आधी ऐकून मग बोलण्याची शिस्त आणून ती स्थिती पुष्कळ सुधारली. कार्यालयांनी ते स्वीकारले. कारखान्यांनी बराच काळ स्वीकारले नाही. आपली पाळी केव्हा येईल याची हमी नसणे हा त्यांचा आक्षेप होता, आणि त्या काळच्या साधनांकडे पाहता तो रास्त होता. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकात पुरस्कारलेल्या जालात बोलण्याचा अधिकार एखाद्या मुद्रेप्रमाणे हातोहात फिरत असे. जर्मनीत १९८७ साली एकवीस कंपन्या व संस्थांनी मिळून सुरू केलेल्या कामातून निघालेल्या प्रोफिबसने दोन्हींचा मेळ घातला : प्रश्नकर्त्यांमध्ये मुद्रा फिरावी, आणि ज्याच्या हाती मुद्रा असेल त्याने आपल्या उपकरणांची हजेरी घ्यावी. तेथेही प्रत्येक प्रश्नापूर्वी तेहतीस बिटांचे मौन आवश्यक असते.

राहता राहिला नावांचा प्रश्न. २००३ साली लॉस एंजेलिस परगण्याच्या प्रशासनाने आपल्या पुरवठादारांना ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’ ही नावे टाळण्याची विनंती केली तेव्हा तिची पुष्कळ थट्टा झाली. २०२० मध्ये मोडबसच्या संघटनेनेच ती नावे काढून टाकली. मराठीत या शब्दांचे भाषांतर करू पाहणाऱ्यापुढे निराळीच अडचण येते. ‘दास’ म्हटले तर भक्तिपरंपरेतील अभिमानाची छटा येते. ‘सेवक’ म्हटले तर पगार आणि रजा गृहीत धरल्यासारखे होते. ‘गुलाम’ हा शब्द मूळ इंग्रजी शब्दाला खरोखर जुळतो, आणि म्हणूनच तो सहज वापरता येत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला, तेव्हापासून मराठीत त्या शब्दाला जो भार आहे तो दाबमापक यंत्रावर लादणे शोभत नाही. ‘मास्टर’ मात्र मराठीत फार पूर्वीच ‘मास्तर’ होऊन शाळेत स्थिरावला आहे, आणि हजेरी घेणाऱ्यास तो विनासायास शोभतो.

संघटनेने निवडलेले नवे शब्द ‘क्लायंट’ व ‘सर्व्हर’ हे आहेत : विचारणारा क्लायंट, उत्तर देणारा सर्व्हर. यांतील दुसरा शब्द लॅटिनमधील ‘सेर्वुस’ या मुळापर्यंत जातो, आणि त्याचा अर्थ गुलाम असाच आहे. साडेतीन अक्षरांच्या मौनाचा नियम या नामांतरात होता तसाच राहिला.